चिमटीचा कौल

ता. ११ मार्च, दुपार

चि. सरकीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे, आईही बरी आहे, फक्त ती माझ्याशी बोलत नाही. जिनिंग सुरू आहे, आवारात कापसाच्या गाड्यांची रांग आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो. पत्राचं एक बरं असतं, समोरच्याला ते मधेच कापता येत नाही.

परवाच्या सभेतला चहा फुकट होता. तो मला कितीला पडला ते आधी सांगतो. तुझी या वाणावरची अकरा वर्षं. तुझ्या आईचा अबोला. तेव्हापासूनचं गार जेवण. आणखी एक रक्कम आहे, पण ती मांडायला हात धजत नाही. पुढे बघू.

तुझ्या कापूस संशोधन केंद्रातल्या कुणीतरी तुला कळवलं असेलच, की तुझ्याच बापाने तुझा कापूस हातात घेतला आणि भरसभेत त्याला 'सत्तावीस' म्हणाला. कळवणाऱ्याने मीठमसाला लावला असेल, म्हणून घडलं तसं सांगतो.

सभेला आम्ही सगळे जिनवाले होतो आणि सूतगिरणीचा खरेदीवाला. तुझे संचालक उभे राहिले. भला माणूस, पण बोलतो असं की जणू प्रत्येक वाक्यावर सही हवी. म्हणाले, "वाण तयार आहे. धागा लांब आहे, मजबूत आहे. फक्त झाडाला बोंडं जराशी कमी लागतात. शेतकऱ्याला पैसे मिळतात वजनावर. तेव्हा लांब धाग्याला वेगळा भाव देऊ, असं तुम्ही लिहून दिलंत तरच हा वाण बाहेर काढण्यात अर्थ आहे. नाहीतर बियाणं शीतगृहात ठेवून देऊ." तू शेतावर होतीस तेच बरं. शीतगृह म्हणताना त्यांचा आवाज कुणाला तरी स्मशानात पोहोचवून आल्यासारखा होता.

मग त्यांनी यंत्राच्या तपासणीचा कागद काढला. आमच्या जिनवाल्यांतला वखारवाला लगेच म्हणाला, "साहेब, कागदावर माझी पोरगीसुद्धा उंच आहे. कागद राहू द्या. दादांना चिमटी घेऊ द्या."

सगळे म्हणाले, हो हो, दादांना घेऊ द्या. आणि मी, सरकी, मी फुगलो. उभा राहून म्हणालो, "यंत्राला वीज लागते, आमच्या चिमटीला नाही लागत." सभा हसली. पाच ताटल्या आल्या, प्रत्येकीवर नुसता आकडा. कुठली तुझी ते मला ठाऊक नव्हतं. तुझा कापूस मी कधी पाहिलाच नव्हता. घरचा माल घरच्याने तपासायचा नाही, हा माझा नियम तू लहानपणापासून ऐकलायस. तिसऱ्या ताटलीतला कापूस किंचित साईच्या रंगाचा होता. मी चिमूट घेतली, ओढली, अंगठ्यावर लावली आणि सत्तावीस मिलिमीटर म्हणालो. आखूड. पहिली ताटली पांढरीशुभ्र होती, तिला एकतीस दिले. संचालकांनी यादी वाचली. पहिली ताटली बाजारातल्या साध्या मालाची. तिसरी तुझी. वखारवाल्याने कागदाची घडी त्यांच्या हातात परत दिली आणि वेगळ्या भावाचा विषय तिथेच संपला.

आता तू विचारशील, हे झालं कसं? उजेड कमी होता. ताटल्या गार होत्या. कापसाला जरा ओल धरली होती. हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही कारण नाही.

मी गोल गोल फिरतोय हे मलाही कळतंय. फिरू दे थोडं.

तुला आठवत नसेल, पण तुझं नाव सरकी पडलं ते जिनिंगच्या मागच्या सरकीच्या ढिगात तू झोपायचीस म्हणून. मीही कामाला लागलो तो त्याच ढिगावर. सरकी ओढायची, पोती भरायची. कापसाला हात लावायची मला मुभा नव्हती. एक म्हातारा ग्रेडर होता. तो चिमूट कशी घेतो, हातातल्या हातात कशी ओढतो, धाग्याची टोकं कशी जुळवतो, ते मी पोतं पाठीवर घेऊन जाता-येता बघायचो. तो म्हणायचा, "अंगठ्याला डोळा फुटला पाहिजे." मला फुटला. त्या डोळ्याच्या जोरावर मी आधी ग्रेडर झालो, मग भागीदार, मग मालक. तुझं शिक्षण, हे घर, तुझ्या आईचा गुडघा, सगळं त्या अंगठ्याच्या कमाईचं.

आणि तू निघालीस कापसाची लग्नं लावायला. सुट्टीत तुझ्याबरोबर शेतावर आलो होतो ते दिवस लख्ख आठवतात. दुपारी तू उद्या उमलणारी कळी धरायचीस, तिचे पुंकेसर नखाने काढायचीस, वर कागदाची टोपी घालायचीस. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून त्यावर फिरवायचीस आणि देठाला दोरा बांधायचीस. मी म्हणालो, "एवढ्या वेळात मी गावभरच्या सोयरिकी जुळवल्या असत्या." तू म्हणालीस, "बाबा, सोयरीक सोपी आहे. आईची बोंडं घ्यायची नि बापाचा धागा, एवढंच ठरवलंय. पण पोरं निघतात ती बापाची बोंडं आणि आईचा धागा घेऊन." तुझी आई बांधावरून म्हणाली, "माणसांतही तेच होतं." मग तू वर्षानुवर्षं हजारो झाडांतून चारदोन निवडलीस, बाकीची उपटलीस, निवडलेली पुन्हा पेरलीस. एका वर्षी धागा लांब आला तर तो कच्चा निघाला. तू घरी येऊन दोन दिवस झोपलीस. ते मी पाहिलंय. म्हणूनच लिहायला जड जातंय.

सांगून टाकतो. माझ्या बोटांना काही लागत नाही.

साखरेच्या आजाराने बोटांच्या टोकांच्या नसा गेल्या, असं डॉक्टर म्हणाला. दोन वर्षं झाली. चहाचा कप गरम आहे की गार, ते ओठाला लागल्यावर कळतं. कापूस ओढताना पकड कुठे घट्ट, कुठे ढिली, काही समजत नाही. लांब धागे निसटून जमिनीवर पडतात आणि हातात उरतात ते आखूड. परवा तुझ्या ताटलीतले चांगले धागे माझ्या धोतरावर पडलेले मी घरी येऊन पाहिले. झटकलेही नाहीत. बसून राहिलो.

हीच ती मांडायची राहिलेली रक्कम.

मग दोन वर्षं धंदा कसा केला? कानांनी. हे ऐकून तुला हसू येईल, निदान यावं. खिडकीखाली आमचा वजनकाटा आहे. काटेवाल्याचे कान मशीनच्या आवाजाने कामातून गेलेत, त्यामुळे तो प्रत्येक गाडीवाल्याला बोंबलून विचारतो, "कुठलं रान? बियाणं कुठलं? कितवी वेचणी?" बहिऱ्याशी बोलायचं म्हणून गाडीवालाही बोंबलूनच सांगतो. रान, बियाणं आणि वेचणी कळली की धागा किती निघेल हे सांगायला मला अंगठा कशाला हवा? तोवर मी आत बसून टेबलावरचे कागद चाळतो. गाडीवाला चिमूटभर कापूस घेऊन आत आला की मी तो ओढतो, डोळे मिटतो आणि आकडा सांगतो. लोक म्हणतात, दादांची चिमटी म्हणजे चिमटी. दोन वर्षांत एकाही माणसाला पत्ता लागू दिला नाही. बढाई नाही मारत, पण हे सुचायलाही डोकं लागतं आणि निभावायला सशासारखे कान लागतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी जन्मभर ऐकलं. बधिर मूठ झाकून ठेवायची, हे मी स्वतः शोधलं.

परवा सभेत मात्र सगळे गप्प झाले. दादा चिमटी घेतायत म्हणून मान राखून गप्प. खोकलासुद्धा कुणी काढला नाही. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. ऐकायला काहीच नव्हतं, म्हणून रंग बघितला. पांढरा दिसला तो लांब, साईचा दिसला तो आखूड. एवढीच माझी विद्या उरली आहे.

तू शीतगृहाच्या कागदावर सही करणार आहेस, असं तुझ्या आईने भिंतीला सांगितलं, मला ऐकू येईल असं. थोडी थांब. पत्र इथेच ठेवतो. आमच्या जिनवाल्यांच्या संघाच्या कचेरीत जाऊन येतो.

ता. १२ मार्च, सकाळ

जाऊन आलो.

जाताना वाटेत दोनदा परत फिरलो होतो. जिनवाल्याची पत म्हणजे त्याचा शब्द. चिमटीत जान नाही असं एकदा बाहेर पडलं की उद्या गाड्या वखारवाल्याकडे वळतील, हे मला कळत होतं. तरी गेलो. सगळे होते, कालच्या भावावर कुरकुर चालली होती. मी बसलो नाही, उभ्यानेच म्हणालो, "तिसऱ्या ताटलीचा माझा आकडा मागे घेतो. माझ्या बोटांना दोन वर्षं काही कळत नाही."

 मग वखारवाला म्हणाला, "दादा, या दोन वर्षांत माझाही माल तुम्ही तपासलाय की."

"तपासला."

"कशावर?"

"ऐकून."

त्याने बोटांवर हिशेब केला. "आकडे तर बरोबर होते हो," म्हणाला, आणि सगळे इतके हसले की शिपाई आत डोकावला. मीही हसलो. हसता हसता खुर्चीत बसलो.

यंत्राच्या कागदाची एक प्रत संघाच्या फायलीत होती, ती मग सूतगिरणीच्या खरेदीवाल्याने वाचली. तुझा कापूस बत्तीस. मजबुतीचा आकडा वाचताना तो थांबला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. म्हणाला, "असला धागा मी लांबून मागवतो, आणि गाडीभाडं सुतापेक्षा जड होतं. वेगळा ढीग ठेवा, मी वेगळा भाव देतो." एकदा गिऱ्हाईक बोललं की जिनवाल्यांना तत्त्वं सुचतात. दोघे कुरकुरले आणि उठून गेले. बाकीच्यांनी लिहून दिलं, की पहिल्या हंगामात लांब धागा वेगळा घेऊ, वेगळ्या भावाने घेऊ. वखारवाल्याने सही माझ्या आधी केली. कागद घेऊन मी स्वतः तुझ्या संचालकांकडे गेलो. त्यांनी तो तीनदा वाचला आणि म्हणाले, "मग शीतगृहाची गरज नाही." सहीसाठी ठेवलेला तो कागद तुझ्या टेबलावर असेल तर फाडून टाक. बियाणं वाढवायला घे. पहिली गाडी माझ्या दारात यायला हवी, आणि तिचा धागा यंत्राने मोजायचा. यंत्र मी मागवलंय. माझ्या खोलीत, माझ्याच टेबलावर बसेल.

रागावली असशील तर अजून थोडे दिवस रागाव, हरकत नाही. आधी कळी, मग कागदाची टोपी, मग दोरा, घाई करून चालत नाही, हे तुझ्याकडूनच शिकलो. पण फोन उचल.

घरी आलो तर जेवण गरम होतं. तुझी आई समोर बसली. मी म्हणालो, आता काटेवाल्याला सांगतो, बहिरा असलास तरी उगाच घसा फोडत जाऊ नकोस, माझं गुपित राहिलं नाही. ती वाढता वाढता म्हणाली, "सांगा. दमलाय बिचारा."

मी विचारलं, म्हणजे?

ती म्हणाली, "तुम्हाला शर्टाची बटणं लागेनात, त्याच आठवड्यात मी त्याला जाऊन सांगितलं, खिडकीखाली मोठ्याने विचारत जा म्हणून. गाडीवाल्यांनाही त्यानेच बजावलंय. त्याचे कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत."

तुझा,
बाबा