'अ' आणि 'ब'चा संधी

नाशिक

सौ. प्रतिभास,
सप्रेम तक्रार विशेष.

तू कराडहून पाठवलेला चिवडा अळणी आहे. माझ्या शेडमध्ये चार प्रकारची मिठं आहेत, पण ती फक्त मातीविना, पाण्यावर वाढणाऱ्या पालकाला चालतात. आईंचा गुडघा कसा आहे?

परवा 'अ' कॅनमधल्या कॅल्शियम नायट्रेटच्या दाट द्रावणात मी 'ब'चं मॅग्नेशियम सल्फेट ओतलं. तत्काळ संधी झाला, तळाशी पांढरा गाळ बसला, आणि विच्छेद काही होईना. आज दोन्ही पुन्हा वेगवेगळी कालवली. त्यांची गाठ भरपूर पाण्यातच घालून द्यायची, हा नियम. एवढ्यावरून शेड मी सोडत नाही.

वर एक गोष्ट लपवली. नियम मला पाठ होता. वीस वर्षं संस्कृत शिकवलं, आणि मीच लिहिलेला 'अ' मला 'ब' दिसला, चष्मा लावूनही. डोळ्यांची भीती वाटते गं.

तुझाच,
दिगंबर