पावणं पुण्याला गेलं

प्रिय अण्णा,

काल संध्याकाळी माझ्यावर घोर अन्याय झाला. मंगळवार पेठेत राहणाऱ्या, घरफाळा वेळेवर भरणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका सभ्य गृहस्थाला दूध कट्ट्यावरून हात हलवत परत यावं लागलं. म्हशी होत्या. धार चालू होती. पेल्यांवर फेस होता. नव्हता तो फक्त सूर्य. तो मावळून गेला होता, कारण माझ्या मनगटावरचं घड्याळ दुपारीच बंद पडलं होतं आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवून निवांत चालत गेलो.

"कपाटभर घड्याळं, आणि वेळ शेजाऱ्याला विचारायची!" नंदा म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या बाईच्या जिभेची धार गेली नाही. तुम्ही म्हणायचा, ती माझ्या संगतीनं लागली. असेल.

दूध नंतरही मिळालंच असतं हो. पण मला ते प्यायचं नव्हतं, पाजायचं होतं. दंड म्हणून! आणि आपल्या घड्याळवेड्यांच्या किल्ली मंडळाचा दंड दिवस मावळायच्या आत भरावा लागतो. नियम तुमचाच. तुम्ही जैन, दिवस मावळला की तुमचं तोंड बंद. खाण्यापुरतं. बोलायला ते उघडंच असायचं.

आता घड्याळ बंद का पडलं? किल्ली द्यायला विसरलो म्हणून. आणि का विसरलो? रोज सकाळी ग्रुपवर 'किल्ली दिली' असा तुमचा निरोप यायचा, तो येत नाही म्हणून. म्हणजे चूक तुमची. तुम्ही गेल्यावर काही दिवस तो निरोप मीच टाकत होतो, पण आता तेही जमत नाही. मला ग्रुपवरून काढलंय, अण्णा. तुमच्याच नियमावर बोट ठेवून काढलंय. म्हणून हे पत्र. तक्रार करायला दुसरं दार उरलेलं नाही.

आठवतं, मी पहिल्यांदा शिरोळला तुमच्या दुकानात आलो तो दिवस? बियाण्याच्या पोत्यांच्या आणि फवारणीच्या पंपांच्या मध्ये तुम्ही बसला होता आणि कानाला एक घड्याळ लावून ऐकत होता. हाताने किल्ली द्यायचं, पांढऱ्या तबकडीचं, काच ओरखडलेलं. मी शहाणपणा केला, "कितीला घेतलं?" म्हणून विचारलं. तुम्ही घड्याळ खाली ठेवलंत आणि माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी दुकानात चपला घालून तिजोरीवर चढलो होतो.

"तुमच्या घरात पावणं आलं, तर त्येची किंमत विचारतासा व्हय?"

तिथून त्या घड्याळाचं नाव पावणं पडलं, आणि तिथूनच मंडळ सुरू झालं. फोनवरच्या ग्रुपचे नियम तरी किती साधे होते! पावणं एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जाणार. ज्याच्या घरी असेल त्यानं ते हातात घालायचं, रोज किल्ली द्यायची, आणि ते कुठं कुठं फिरून आलं त्याची हकिगत ग्रुपवर लिहायची. पुढच्याकडे पोचवायचं ते स्वतः जाऊन, हातात हात देऊन. कुरियरनं? "पावण्याला पोत्यात घालून पाठवतासा काय?" आणि ग्रुपवर कुठल्याही घड्याळाची किंमत बोलायची नाही. जो बोलेल त्यानं सगळ्यांना कट्ट्यावर दूध पाजायचं.

पावणं कुठं कुठं गेलं! आजऱ्याच्या काजूच्या कारखान्यात गेलं. साखरपुड्याला गेलं, तालमीत गेलं, एकदा कोर्टात साक्षीलाही जाऊन आलं. आणि आमच्या घरी आलं तेव्हा माझे वडील शेवटच्या आजारात होते. मला ओळखत नव्हते. "पावणं, च्या घेतलासा काय?" असं मलाच विचारायचे. पण घड्याळ हातात दिलं की त्यांची दोन बोटं बरोबर किल्लीवर जायची. हळूहळू पिळायची आणि नेमकी थांबायची. मी ग्रुपवर लिहिलं होतं, 'आमच्या बाबांना मुलगा आठवत नाही, किल्ली आठवते.'

तुमचं उत्तर आलं, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. पुढच्याला मी सांगतो." बाबा गेले तोपर्यंत पावणं आमच्याकडे राहिलं. कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

आणि तो महापूर? तुमचं दुकान बुडालं, पोती गेली, पंप तरंगत गेले. तुमचा फोन लागेना. ग्रुपवर कुणी काही लिहायचं धाडस करेना. आणि एका सकाळी, नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा, दोन शब्द आले. किल्ली दिली. कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन जिवंत करून तुम्ही एवढंच कळवलं होतं! मग 'दिली', 'दिली', 'दिली' अशी रांग लागली. मी अंथरुणात बसून रडलो. तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही शिरोळभर केलं असतं.

तुमचा तो सम्राट त्यानंतर आला. गाड्यांचं सामान विकणारा, केसाला जेल लावणारा, गोड बोलणारा. तुम्ही त्याला किल्ली द्यायला शिकवलंत, "दोन बोटांनं, आणि कान लावून. भरली की तीच सांगती." तो शिकला. हे मान्य करायलाच पाहिजे, पोरगं चटकन शिकायचं. पुढं तुमची नजर अधू झाली तेव्हा तुम्ही त्याला ॲडमिन केलंत. मला नाही, त्याला!

मी विचारलं होतं. तुम्ही हसून म्हणाला होता, "लेखकराव, तुझ्या जिभेनं माणसं तुटत्यात. त्येला माणसं गोळा करता येत्यात."

गोळा केली की त्यानं! कुठून कुठून केली. रोज मनगटांचे फोटो यायला लागले. मनगट कमी, गाडीचं स्टेअरिंग जास्त. आधी 'छान आहे' लिहायचे, मग 'कितीला पडलं?' लिहायला लागले, आणि शेवटी थेट 'आत्ता विकलं तर किती येतील?' तुमचा किमतीचा नियम त्यानं मोडला नाही हं. तेवढा तो हुशार आहे. त्यानं किमतीसाठी वेगळा ग्रुप काढला. देवळात चपला नकोत म्हणून देवळाशेजारी चपलांचं दुकान!

काहीजण तर घड्याळावरचं प्लास्टिकसुद्धा काढत नव्हते. घालायचं नाही, किल्ली द्यायची नाही. का? तर झिजतं! तुमच्या 'किल्ली दिली'वर एका पोरानं लिहिलं होतं, 'अंकल, ऑटोमॅटिक घ्या ना आता.' त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. ती तुम्ही पाहिली होती की नाही? मला कधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला, नेहमीच्या वेळेला, नेहमीचे दोन शब्द. मला वाटतं, पाहिली होती.

मग तुम्ही गेलात. पावणं तेव्हा तुमच्याच मनगटावर होतं, तुमची पाळी होती. ग्रुपवर हार घातलेला तुमचा फोटो आला, खाली लिहिलं होतं 'लेजंड'. हात जोडलेल्या चित्रांच्या रांगेत एकानं मध्येच विचारलं, 'अण्णांचं कलेक्शन घरचे देणार आहेत का? नंबर मिळेल?' अण्णा, तुमची राख अजून गरम होती हो!

आणि पुढच्या महिन्यात ती जाहिरात आली. काळ्या मखमलीवर पावणं. काच नवी, पट्टा नवा, आणि शेजारी शोभेला दारूचा ग्लास. जन्मात ज्यानं कांदा तोंडात घातला नाही, त्याच्या घड्याळाशेजारी दारू! खाली लिहिलं होतं, 'एक घड्याळ, अनेक आयुष्यं. इच्छुकांनी सेल ग्रुपमध्ये बोली लावावी.' त्याखाली आपल्या सगळ्यांच्या हकिगती कापून चिकटवल्या होत्या, वस्तूचा भाव चढावा म्हणून. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, माझी. 'बाबांना मुलगा आठवत नाही, किल्ली आठवते.'

माझ्या बापाचं मरण, अण्णा. लिलावाच्या पाटीवर.

मी सम्राटला फोन केला. "अरे, ते सगळ्यांचं होतं ना?"

"सगळ्यांसाठीच करतोय की दादा! येतील त्या पैशातनं अण्णांच्या नावानं ट्रॉफी ठेवायची. बेस्ट कलेक्टर."

"आणि माझ्या वडिलांचं लिहिलेलं कशाला घातलंस?"

"दादा, तुमचं लिखाण टॉप हाय. लोकं रडली. रडल्यावर बोली वाढती." खरंच कौतुकानं म्हणाला. हेच तर दुखतं. त्याच्या आवाजात कसलाही कपटीपणा नव्हता. त्याला कळलंच नव्हतं!

मग माझा तोल गेला. मी मुख्य ग्रुपवर लिहिलं की हे घड्याळ अण्णांनी आठवड्याच्या बाजारात, जुन्या स्टोव्हच्या सुट्या भागांच्या ढिगाऱ्यातून, अमुक अमुक रुपयांना उचललं होतं, आणि तुम्ही अडाणी त्याच्यावर बोली कसली लावताय? तो आकडा इथं पुन्हा लिहीत नाही. एकदा लिहिला तेवढा पुरे. कधीकाळी जो आकडा तुम्ही फक्त मला, तोही हसत हसत सांगितला होता, तो मी शेकडो अनोळखी लोकांपुढं टाकला.

लगेच सम्राटचा निरोप आला. 'सॉरी दादा. ग्रुपवर प्राइस डिस्कशन चालत नाही. अण्णांचा रूल आहे.' आणि मी बाहेर.

कबूल करतो, मीही इतका सुबक विनोद आयुष्यात लिहिला नाही. पण तुमच्या नियमात हाकलणं कुठं होतं? तुमच्या नियमात दूध होतं!

जुने लोक? एकजणही बोलला नाही. दोघांनी मला वेगळं लिहिलं, 'बरोबर बोललास, पण वातावरण कशाला बिघडवायचं?' चौकात भांडण लागलं तर चपला सोडून धावणारी ही माणसं, अण्णा, आणि ग्रुपवर यांना वातावरणाची काळजी!

मी शिरोळला गेलो. जन्मभर तुमचा संसार केलेल्या अक्कांना सगळं सांगायचंच म्हणून गेलो होतो. वाटेत वाक्यं जुळवली होती. त्यांनी पोहे केले आणि समोर बसल्या. "त्या पोराकडं दिलं बघा पावणं. ग्रुपचं हाय म्हणाला. ग्रुपचंच हुतं न्हवं?"

"होय अक्का. ग्रुपचंच."

"आता कुणाच्या घरी हाय?"

ते पुण्याच्या कुणा साहेबानं घेतलं होतं. कुरियरनं गेलं, पेटीत, फुगे असलेल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून. माझ्या जिभेवर सगळी वाक्यं तयार होती. तुम्हाला माहीत आहे, माझ्या जिभेवर ती कायम तयार असतात.

"पुण्याला गेलंय अक्का," मी म्हणालो.

"बरं झालं की!" त्यांचा चेहरा एकदम खुलला. "त्यास्नी लई हौस हुती, लांब जावं म्हणून. तिकडची हकिगत आली की मला वाचून दावा. मला त्या फोनमधलं काय दिसत न्हाई."

तुम्ही म्हणाला होता, माझ्या जिभेनं माणसं तुटतात. बघा, त्या दिवशी एक तोडलं नाही. पण तुम्ही सम्राटला निवडलंत, हे मी अजून विसरलेलो नाही. विसरणारही नाही. रागच आहे माझा. तुम्ही असता तर भांडलो असतो आणि तुम्ही चहा मागवला असता. आता हा राग कुठं ठेवू?

वचन मात्र एक देतो. पुण्याच्या त्या साहेबाचा पत्ता मिळवलाय. त्याला लिहितोय की बाबा रे, ते कपाटात ठेवू नको. दोन बोटांनी, कान लावून किल्ली दे, आणि घालून कुठं जाशील ते मला कळव. त्यानं कळवलं तर अक्कांना वाचून दाखवीन. नाही कळवलं, तरी वाचून दाखवीन. एवढी वर्षं लेखक म्हणून मिरवलो ते कशासाठी? पावणं पुण्यात भरपूर फिरेल, अण्णा. तेवढं माझ्यावर सोडा.

आता उठतो. आज सकाळी न विसरता किल्ली दिली आहे.

तुमचाच, तुमच्यावर रागावलेला,
लेखकराव

ता. क. जाऊन आलो. ऊन अजून म्हशींच्या पाठीवर होतं. मंडळातलं कुणी नव्हतंच, म्हणून कट्ट्यावर जे उभे होते त्या सगळ्यांना एकेक पेला द्यायला सांगितला. म्हशीवाल्यानं विचारलं, "काय पावणं, नातू झाला काय?"

"नाही," म्हटलं, "दंड आहे."

तो पुढची धार काढायला बसला. सगळे प्यायले, मिशा पुसल्या, आपापल्या वाटेनं गेले. मी पेले मोजून पैसे दिले आणि घड्याळ बघितलं. दिवस मावळायला अजून थोडा वेळ होता.