पहिल्या झुडपाला हात लावला नाही

प्रिय आत्या,

शनिवार, सकाळचे साडेसहा. तुझ्या पडवीत बसून भारंगी निवडतोय. कोवळी पानं एका बाजूला, जून दुसऱ्या बाजूला. काका आत भिजलेले वाल सोलताहेत. कालची हकिगत तुला कळवल्याशिवाय ही भाजी फोडणीला घालायची नाही, असं मी ठरवलंय.

पावसाळ्यासाठी मासेमारी थांबली आणि बंदरावरचा आमचा बर्फाचा कारखानाही. दरवर्षीसारखा सुट्टीला पालीच्या एसटीत बसलो. "आता आत्या नाही, कशाला जातोस?" आई म्हणाली. पण तू गेल्यापासून काका पडवीची पायरी उतरले नव्हते. शेजारचा डबा तसाच परत जायचा. काय खावंसं वाटतं विचारलं, तर म्हणाले, "तिच्या हातची भारंगी." तुझा हात कुठून आणू गं? म्हटलं, भारंगी तरी आणू!

"तू?" काका म्हणाले. "मेल्या, एक पान दहा वेळा उलटंपालटं करणार तू. संध्याकाळ होईल."

झालीच. सड्यावरची, कातळमाळावरची आपली वाट शेवटपर्यंत चाललो. एकच झुडूप दिसलं, करवंदीच्या जाळीशेजारचं. हात पाठीमागे बांधून पानांच्या कडेचे दात पाहिले, देठ पाहिले. भारंगीच! तुला न विचारता माझी पहिल्यांदाच खात्री झाली.

पण तुझा नियम! पहिल्या झुडपाला हात लावायचा नाही, दुसरं दिसलं की मगच खुडायचं. पहिलं एकटंच असेल तर बी कोण धरणार, म्हणायचीस. दुसरं दिसलंच नाही. परत त्याच झुडपासमोर येऊन उभा राहिलो. मूठभर पाला निघाला असता. घरी काका उपाशी. असला कसला नियम घालून गेलीस? रागच आला तुझा.

रिकामी पिशवी घेऊन परतलो आणि काकांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की ठसका लागला.

"करवंदीजवळचं ना? तिथेच तुला बसवून ती 'पुढे बघून येते' म्हणायची?"

"हो. आणि पिशवी भरून यायची."

"पुढे कुठली! खाली वहाळाच्या पाण्यापाशी उतरायची. लहानपणी तो उतार बघून तू रडला होतास, तेव्हापासून तुला वर बसवायची." आणि काकांनी खुंटीवरची छत्री काढली. "चल. अजून उजेड आहे, मी दाखवतो."

आत्या, काका पायरी उतरले! उतारावर मी पुढे, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. वहाळाच्या काठाला भारंगीच भारंगी. तिथेही पहिलं झुडूप सोडलं. "तिचाच भाचा," काका म्हणाले.

आता मी उताराला घाबरत नाही गं. एकदा विचारायचं तरी होतंस! तुझ्याबरोबर उतरलो असतो.

आतून हाक आली, "लिहून झालं का? तेल तापलंय."

पुढच्या सुट्टीत काकांना घेऊन पुन्हा वहाळावर उतरेन. आणि करवंदीजवळचं ते झुडूप तसंच राहील, शब्द देतो.

तुझा, पान उलटंपालटं करणारा,
सुहास