घंटेचं पुस्तक आणि वरच्या दोन खोल्या

मी लंकाबाई पुंजा गांगुर्डे, वय छप्पन्न, धंदा रद्दी खरेदी-विक्री, शिक्षण चौथी पास आणि पाचवीत दोन महिने, राहणार पेठ रोड, पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना आधीपासून शंका आहे त्यांनी तो वाचावा. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, असता तर मी जुमानला नसता. येत्या गुरुवारी पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. घाबरलेली नाही, पण जाण्याआधी घर आवरून ठेवलेलं बरं. वकील यादवसाहेबांनी मजकूर टाइप करून दिला होता. त्यात सदरहू आणि उपरोक्त इतके होते की मी कुठे आहे तेच सापडेना. म्हणून मुद्दे त्यांचे ठेवले, भाषा माझी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. माझी मिळकत अशी. रस्त्याकडेचं रद्दीचं दुकान, त्यावरच्या दोन खोल्या, एक छोटा टेम्पो, बँकेतली ठेव, वजनकाटा आणि पुस्तकं. माझे पती पुंजा हातगाडीवर रद्दी गोळा करत, मी दुकानात बसत असे. ते अकरा वर्षांपूर्वी वारले. जागा मी माझ्या कमाईतून घेतली, खरेदीखत माझ्या एकटीच्या नावावर आहे. वडिलोपार्जित यात काहीही नाही. त्यामुळे कोणाला काय द्यायचं ते मी ठरवणार.

२. नणंद झुंबर हिच्याकडे माझा पितळी हंडा अठ्ठावीस वर्षं आहे. तो मी तिला दिला. आता तो ढापलेला राहिला नाही, त्यामुळे तिला त्याची मजा येणार नाही.

३. टेम्पो आणि बँकेतली सगळी ठेव मुलगा रविराज याला. तो माझा एकुलता एक. त्याला काहीच न देण्याइतकी मी दगड नाही.

४. दुकान आणि वरच्या दोन खोल्या सून स्नेहल हिला. तिच्या एकटीच्या नावावर, पूर्ण मालकीने. ती दिवाळी २०२३ पासून वणीला भावाकडे राहते आणि रविराजशी तिचं बोलणं नाही, हे मला माहीत आहे. चुकून लिहिलेलं नाही. पुढे घटस्फोट झाला तरी हे कलम बदलायचं नाही. वकील म्हणाले, सुनेला का देता त्याचं कारण लिहा, नाहीतर मुलगा कोर्टात जाईल. कारण लिहिते. लांब आहे.

रद्दीत चांगली पुस्तकं येतात. ती मी वजनाला घालत नाही. दाभणाने शिवते, खळ लावून पुठ्ठा चढवते आणि लोकांना वाचायला देते. पैसे घेत नाही. नियम एकच: पुस्तक परत करताना मागच्या कोऱ्या पानावर एक ओळ लिहायची, मगच पुढचं पुस्तक. पानं संपली की मी नवी शिवते. लोक काय काय लिहितात! मला पुस्तकापेक्षा ती मागची पानंच आवडतात, कारण ती आखूड असतात.

त्यात एक परदेशी कादंबरी आली. मराठीत केलेली, जुनी, पहिली पानं गेलेली. आमचे नेहमीचे वाचक कोंडाजीअण्णा, कचेरीतून निवृत्त, म्हणाले की ही जगभर गाजलेली आहे. नाव त्यांनाही आठवेना. आम्ही तिला घंटेचं पुस्तक म्हणतो. त्यातल्या शहरात सरकारने घरोघरी एक घंटा बसवलेली असते. ती वाजली की घरातल्याने तिच्यापुढे उभं राहून सांगायचं: आज कुठे गेलो, कोणाशी बोललो, मनात काय आलं. एक माणूस एक गोष्ट लपवतो. शेवटी तो स्वतःच घंटेपुढे जाऊन ती सांगून टाकतो, कोणी न बोलावता.

इतकं भांडण दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाच्या मागे नाही. कोंडाजीअण्णांनी लिहिलं, "सुरुवात रटाळ, भाषांतर बोजड, नव्वद पानांनंतर बरे." कॉलेजच्या एका मुलीने, "भारी! दोनदा वाचलं." एकाने, "इतकं उदास पुस्तक घरात ठेवू नये, माझी झोप गेली." त्याखाली दुसऱ्या शाईत, "झोप गेली म्हणजे पुस्तक चांगलं आहे." उर्दू शाळेत शिकवणारी ताहेरा माझी मैत्रीण. तिने लिहिलं, "घंटा बसवणाऱ्याला पण आई असेल. तिच्याबद्दल एक शब्द नाही." एका बँकवाल्याने मोठ्या अक्षरात ठोकलं, "असं आपल्याकडे होत नाही."

आणि त्याच्याखाली पेन्सिलीने, बारीक, "होतं. साडेसात वाजता." नाव नाही.

ही २०२३ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. यावर दुकानात हशा झाला. कोंडाजीअण्णा म्हणाले, "ही बातम्यांची वेळ. कोणीतरी बातम्यांना कंटाळलेला आहे." मी म्हटलं, "बातम्या कसल्या? साडेसातला सासू-सुनांची मालिका असते, तिला कंटाळलीय कोणीतरी." सगळ्यात मोठ्याने मीच हसले. स्नेहल तिथेच गठ्ठे बांधत होती. तिने सुतळीला गाठ मारली आणि वर गेली.

आता माझ्या घरातलं साडेसात. रविराज सातपूरच्या कारखान्यातून त्या वेळेला येतो. स्नेहल होती तेव्हा हातपाय धुऊन, चहा घेऊन तिचा फोन हातात घ्यायचा आणि तिला समोर बसवायचा. कोणाचा फोन आला? दळणाला इतका वेळ का लागला? ही मैत्रीण कोण? हात कधी उगारला नाही, आवाजही चढवला नाही, म्हणून मला त्यात काही वाटायचं नाही. मी शेजारी भाजी निवडत बसायची. आणि तिचं काही सांगायचं राहिलं तर मी सांगायची, "आणि दुपारी गच्चीवर अर्धा तास होती." हे मी शपथेवर लिहिते.

ती गेली तेव्हा मी पेठ रोडभर सांगत फिरले की सुनेला काही कमी नव्हतं.

मागच्या नोव्हेंबरात जुना गठ्ठा सोडला. त्यावर स्नेहलच्या हातची चिठ्ठी होती, पेन्सिलीने: वर्तमानपत्रं, वह्या, पुठ्ठा. अक्षर ओळखलं. तशीच उठून घंटेचं पुस्तक काढलं, शेवटची पानं उघडली. तेच अक्षर. मग दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ते पहिल्यापासून वाचायला लागले, ओळीखाली बोट धरून. महिना लागला. कोंडाजीअण्णांचं चूक आहे. सुरुवात अजिबात रटाळ नाही.

त्या कादंबरीत मी शोधत होते की ताहेरा म्हणते ती आई कुठे आहे. नाही सापडली. सापडणार कशी, ती माझ्या घरी होती. पुंजा दारू प्यायचे. रवी सहा-सात वर्षांचा असताना मी त्याला त्यांच्या मागे पाठवायची. बापाने कुठे गाडी थांबवली, कोणाबरोबर बसला, ते येऊन सांगितलं की गूळ-शेंगदाणे द्यायची. पोरगं धावत यायचं सांगायला. विचारणं म्हणजे माया असं त्याला मी शिकवलं. त्याला एकट्याला दोषी धरून मोकळी होणार नाही.

डिसेंबरात मी वणीला गेले. स्नेहल भावाच्या दुकानात फॉल-पिको करते. मला बघून मशीन थांबवलं नाही.

मी विचारलं, "घंटेच्या पुस्तकात ती ओळ तुझी ना?"

"तुम्हाला दीड वर्ष लागलं, आई."

"मला वाचायला वेळ लागतो, माहितीय ना तुला."

"मी पुस्तकाचं नाही म्हणत."

मी म्हटलं, "माझं चुकलं. चल घरी. घर तुझ्या नावावर करते."

तेव्हा तिने मशीन थांबवलं. "म्हणजे मी आले तर घर?"

"हो."

"मग राहू द्या. त्यांनी नोटीस पाठवली नांदायला या म्हणून, तुम्ही घर घेऊन आलात. दोघांना मी यायलाच पायजे."

चहा मात्र दिला. एसटीपर्यंत सोडायलाही आली, वाटेत मी दोनदा पोट धरून थांबले ते तिने पाहिलं. बस हलली तसं खिडकीशी येऊन म्हणाली, "पोटाचं दुखणं अंगावर काढू नका. दाखवा लवकर." मी दाखवलं, म्हणून गाठ सापडली. हेही कारणात धरावं.

५. म्हणून कलम चारला कोणतीही अट नाही. स्नेहलने इथे राहावं, भाड्याने द्यावं, विकावं, कुलूप लावून वणीलाच बसावं. दुसरं लग्न केलं तरी घर तिचंच. माझं दिवसकार्य करायला तिने यायची गरज नाही. रविराजने वर्षाच्या आत दुसरीकडे जागा बघावी, ठेव त्याला त्यासाठीच दिली आहे. त्यानंतर तिच्या परवानगीशिवाय जिना चढू नये.

६. घंटेचं पुस्तक मागच्या सगळ्या पानांसह रविराजला. वाचायची सक्ती नाही. मागे आता माझीही ओळ आहे: "खरं आहे. मी शेजारी बसलेली होते. लंका." बाकीची पुस्तकं दुकानाबरोबर स्नेहलकडे जातील, तिने पाहिजे तर किलोवर विकावीत.

७. ताहेराला माझं दाभण द्यायचं होतं, पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. मला तिची सही जास्त गरजेची आहे. दाभण तिला कालच दिलं, ते या कागदात येत नाही. घराची एक किल्ली तिच्याकडे आहे, ती तिने स्नेहलच्या हातात द्यावी. अंमलबजावणी यादवसाहेबांनी करावी.

८. मृत्युपत्र मरेपर्यंत गुप्त ठेवा, असा वकिलांचा सल्ला होता. आज इथे त्यांच्या टेबलाशी बसून हे लिहीत असताना रविराजचा फोन आला. स्नेहल गेल्यापासून तो मलाच विचारतो.

"आई, दुकान बंद कसं? कुठंयस?"

"वकिलाकडं."

"कशाला? कोण आहे बरोबर?"

मी ताहेराकडे पाहिलं. वकील हाताने नको नको करत होते. मी सांगितलं, "दुकान आणि वरच्या खोल्या स्नेहलला देतेय. लिहूनच राहिलेय."

त्याने एकच विचारलं.

"मला न विचारता?"

"हो रे बाबा. न विचारता."

आणि आता मी सही करते.

वर लिहिलेलं मी पुन्हा वाचून पाहिलं आहे. बरोबर आहे.

लंकाबाई पुंजा गांगुर्डे
(सही)

लंकाबाईंनी आम्हा दोघांसमोर सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली. या कागदातून आम्हा दोघांनाही काही मिळणार नाही.

साक्षीदार १: ताहेरा इसाक शेख, शिक्षिका, नाशिक (सही)
साक्षीदार २: कोंडाजी सहादू बोरस्ते, निवृत्त कारकून, पंचवटी, नाशिक (सही)

ठिकाण: नाशिक
सोमवार, दि. १० फेब्रुवारी २०२५