साबुदाणा आधी संपवायचा

आई, मी घरी एकटा आहे. शिफ्ट दुपारीच संपली, बसने स्लाऊच्या हाय स्ट्रीटपर्यंत आलो आणि तिथून चालत. त्या दोघी शाळेतून यायला अजून अवकाश आहे. तेवढ्या वेळात तुला लिहून होईल असं वाटतं, आणि नाही झालं तर अर्धं राहील. अर्धं राहण्याची मला सवय आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

त्या दोघी म्हणजे तुझी सून आणि तुझी नात. तू दोघींनाही पाहिलेलं नाहीस. सून इथेच जन्मलेली, लीड्सची. तिचं मराठी ऐकून तू आधी कपाळाला हात लावला असतास आणि मग तिला माझ्यासारखंच दर रविवारी शुद्धलेखनाला बसवलं असतंस. ती प्रायमरी शाळेत शिकवते. लग्न ठरलं तेव्हा बाबा फोनवर एवढंच म्हणाले होते, "बघ हं, शिक्षकांच्या घरात बोलायच्या आधी हात वर करावा लागतो. मी आयुष्यभर केलाय." नात सात वर्षांची आहे. मी ट्रेडिंग इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या एका वेअरहाउसमध्ये काम करतो, खोक्यांवरचे पत्ते तपासतो. चुकीचं लिहिलेलं गाव माझ्या नजरेतून सुटत नाही, म्हणून सुपरवायझर मला डिक्शनरी म्हणतो. तुझ्या रविवारांचा तेवढा उपयोग झाला.

आता मुद्द्याचं सांगतो. तुझ्या सुनेला मलेशियात, कुचिंगच्या एका शाळेत नोकरी मिळते आहे. दोन वर्षांचा करार, राहायला फ्लॅट, मुलाची फी माफ. आयुष्यभर देशोदेशी शिकवत फिरलेल्या तुला ही तीन वाक्यं पाठ असतील. मलाही आहेत, फक्त ती मी नेहमी दाराच्या दुसऱ्या बाजूने ऐकली. उद्या शुक्रवार. उद्यापर्यंत तिने तिकडे होकार कळवायचा आणि इथल्या हेडटीचरच्या हातात नोटीस द्यायची, कारण इथे उन्हाळ्यात शाळा सोडायची असेल तर मे महिन्यातल्या हाफ टर्मच्या सुट्टीआधी सांगावं लागतं. तिला जायचं आहे. ते तिच्या चालण्यातही दिसतं. पण ती म्हणते, "तू हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही. आणि मला ते फाइन-फाइनवालं हो नको." मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. काल कामावर एक खोका रीडिंग गावाऐवजी लीड्सच्या गाडीत ठेवला. असं माझ्याकडून कधी होत नाही.

मला कशाची भीती वाटते ते तुला सांगायला नको, तरी सांगतो. मस्कतला आपली शाळा एप्रिलमध्ये सुरू व्हायची, अल्माटीत सप्टेंबरमध्ये, व्हिएन्तिआनला ऑगस्टमध्ये. प्रत्येक वेळी तू आणि बाबा टेबलाशी बसून ठरवायचात की पोराचं वर्ष फुकट जायला नको, आणि मी अर्धा वर्ग वर ढकलला जायचो. इजिप्तचे पिरॅमिड मी प्रत्येक देशात शिकलो. अपूर्णांक कुठेच शिकलो नाही; एका शाळेत ते व्हायचे होते आणि पुढच्या शाळेत ते होऊन गेले होते. मग मी सोळा वर्षांचा असताना व्हिएन्तिआनला तुला ताप आला. परीक्षा तोंडावर होती. तू गेलीस आणि बाबा मला घेऊन नाशिकला आले. तिथल्या शाळेतल्या क्लार्कने माझे सगळे दाखले पुढेमागे लावून पाहिले आणि विचारलं, "साहेब, हा मुलगा नक्की कितवीत आहे?" शिक्षिकेचा मुलगा, आणि बाबा दाखल्यांवरच्या तारखा बोटांवर मोजत राहिले. ती परीक्षा मी पुढेही कधी दिली नाही.

आणि साबुदाणा. आपल्या घरातला साबुदाणा कायम भारतातून आलेला, डब्याच्या तळाशी जपून ठेवलेला, चतुर्थीला मूठ-मूठ निघणारा. अल्माटीच्या विमानतळावर त्या कस्टमवाल्याने पिशवी फोडून ते पांढरे मणी तळहातावर घेतले, हुंगले, दुसऱ्याला बोलावून दाखवले, आणि तू रशियन येत नसताना त्याला उपास समजावून सांगत राहिलीस. बाबा मागे उभे राहून हसत होते आणि तू हसत नव्हतीस. त्या दिवसापासून घरात नियम झाला. गाव सोडायचं ठरलं की साबुदाणा आधी संपवायचा. बादल्या, पंखा, कपडे वाळत घालायचा स्टँड हे सगळं पुढे येणाऱ्या शिक्षकांच्या घरी जायचं, जसं ते कुणाकडून तरी आपल्याकडे आलेलं असायचं. साबुदाणा मात्र पोटात. त्यामुळे उपास नसताना खिचडी झाली की मला कळायचं. तू कधी तोंडाने सांगितलं नाहीस. मी अल्माटीत बर्फाचे बूट काढतो आहे, आतून जिऱ्याचा आणि दाण्याच्या कुटाचा वास येतो आहे, ताटलीत नेहमीच्या तिप्पट ढीग आहे. मी विचारतो, "आज कसला उपास?" तू कढईकडे बघत म्हणतेस, "गरम आहे तोवर खा." मी खातो. समोरच्या दारातल्या मित्राबरोबर संध्याकाळी घसरगुंडीवर जायचं ठरलेलं असतं आणि त्याला हे कसं सांगायचं याचा विचार करत मी खातो. इतकी चांगली खिचडी मी नंतर कुठेच खाल्ली नाही आणि त्या चवीची मला अजून धास्ती वाटते.

या मंगळवारी कामावरून आलो, दार उघडलं आणि तोच वास. मी जाकीटसुद्धा काढलं नाही. स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "तू कळवून टाकलंस."

ती कढईत ढवळत होती. "काय कळवलं?"

"मला न विचारता हो सांगितलंस. निदान तोंडाने सांगायचं होतंस."

"तू काय बोलतोय? मी कोणालाच हो नाही सांगितली. इट्स जस्ट खिचडी. दुकानात साबुदाणा होती, मी घेतली."

"आज कुठला उपास आहे?"

"उपास कशाला पाहिजे? माझी मम शनिवारी मॅच बघताना करायची."

मी मोठ्याने बोललो. मी मोठ्याने बोलत नाही, आई, तरी बोललो. नात दारात येऊन उभी राहिली तेव्हा थांबलो आणि मग त्या दोघींना सगळं सांगितलं: डबा, कस्टमवाला, बूट, घसरगुंडी. तुझ्या सुनेने गॅस बंद केला. मग म्हणाली, "दॅट्स हॉरिबल. म्हणजे लहान मुलाला फूडवरून गेस करायला लावायचं? आणि तू पण तसाच. महिनाभर मी विचारते, तू नुसता डिशेस धुतो. तुझ्या आईने सांगितलं नाही म्हणून तू पण नाही सांगणार?"

नातीने तेवढ्यात एक चमचा तोंडात टाकला आणि म्हणाली, "बाबा, पण यम्मी आहे." मग तिने तिची मुख्य शंका विचारली. कुचिंगच्या शाळेत तिच्या वयाचा एकच वर्ग आहे आणि तो तिच्या आईकडे असणार आहे. "मग मी मम्मीला मिस म्हणायचं? ऑल डे?"

"फक्त गेटच्या आत," मी म्हणालो. ते वाक्य माझं नव्हतं, तुझं होतं. गेटच्या आत मिस, गेटच्या बाहेर आई.

गेटच्या आतला एक दिवस मला सारखा आठवतो. व्हिएन्तिआन, तू आमची गणिताची मिस. तू मला फळ्याशी बोलावलंस. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. मी वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले आणि दोन पंचमांश लिहिलं. सुरेख अक्षरात. तू इंग्रजीत विचारलंस, "हे तुला कोणी शिकवलं?" वर्गात कुणीतरी खिदळलं, कारण मी कुणाचा मुलगा ते सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणालो, "नोबडी, मिस." मी उद्धटपणा करत नव्हतो. ते खरंच होतं. तू डस्टर घेतलास, माझं उत्तर स्वतः पुसलंस आणि दुसऱ्या कुणाला तरी बोलावलंस. इतकी वर्षं तो दिवस माझ्या डोक्यात तिथेच संपायचा, डस्टरपाशी.

काल तो पुढे सरकला. नात गृहपाठ घेऊन रडकुंडीला आली होती. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? तिचं म्हणणं, चतुर्थांश मोठा, कारण चार मोठे. तिच्या वर्गात हे शिकवलं तेव्हा ती कांजिण्यांमुळे घरी होती. लक्षात घे, या मुलीने आजवर शाळा बदललेली नाही, गाव बदललेलं नाही, पलंगसुद्धा बदललेला नाही. मी पोळ्या लाटत होतो. काही न ठरवता मी एका पोळीचे तीन तुकडे केले, दुसरीचे चार, आणि तिला म्हटलं, "भूक लागली असेल तर कुठला उचलशील?" ती बघत राहिली. मग मोठा तुकडा उचलला आणि हसली. आणि मला ती संध्याकाळ दिसली.

आपण गेटच्या बाहेर आलो आहोत. घरी येऊन साडीसुद्धा न बदलता तू कणीक मळायला घेतेस. एक पोळी अर्धी कापतेस, दुसरीचे तीन भाग करतेस, दोन्हींतला एकेक तुकडा माझ्यासमोर ठेवतेस आणि म्हणतेस, "मिळव." मला येत नाही. तू अर्ध्याचे तीन तुकडे करतेस, तिसऱ्या हिश्शाचे दोन. "आता सगळे सारखे झाले. मोज." पाच. "सबंध पोळीचे असे किती झाले असते?" सहा. "मग खा." मी खातो. तू पोळपाटावरचं पीठ गोळा करतेस आणि माझ्याकडे न बघता म्हणतेस, "तू मागे नाहीस रे. तुझं मधलं मधलं राहून गेलंय. मागे राहिलेल्याला ओढावं लागतं. मधलं राहिलेलं शेजारी बसून भरता येतं. आणि ते माझ्यामुळे राहिलंय." हे शेवटचं वाक्य मी विसरलो होतो की बाजूला ठेवून दिलं होतं, मला सांगता येत नाही. त्यानंतर त्या परीक्षेसाठी तू रोज पोळ्या करताना शेजारी बसवायचीस. ताप आला त्या आठवड्यातही एकदा बसवलं होतंस.

नात तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाली, "बाबा, तू टीचर आहेस?"

"नाही."

"मग तुला कसं माहीत?"

"माझ्या आईने शिकवलं."

"स्कूलमध्ये?"

"नाही. स्कूलमध्ये फळा पुसला. घरी शिकवलं."

तुझी सून चहाचा मग हातात धरून दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती इतकंच म्हणाली, "हे कुचिंगला पण होईल ना? पोळी तर तिकडे पण होईल." आणि आत निघून गेली. हा टोमणा होता की विनवणी, मला कळलं नाही. रात्रभर आणि आज सकाळी खोकी तपासताना मी तेच वाक्य उलटसुलट करून पाहत होतो. त्यात चूक सापडली नाही.

भीती गेलेली नाही, आई. परक्या गावातलं हॉस्पिटल, आपली भाषा न कळणारा डॉक्टर, कॉटशेजारी उभा मुलगा, हे डोळ्यांसमोरून जात नाही. ते पोळी कापून सुटणारं नाही. तिथे मला काम मिळेल की नाही तेही माहीत नाही. बाबांसारखा मीही शिक्षिकेचा नवरा म्हणून ओळखला जाईन. पण मुलीचं मधलं जे राहील ते भरायला एक माणूस घरी असेल. त्याने स्वतः कुठलीच शाळा पूर्ण केलेली नाही, त्यामुळे कुठे कुठे राहून जातं ते त्याला नेमकं माहीत आहे.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी घालून पोळपाटाखाली ठेवीन, नाहीतर फाडीन. फाटकाचा आवाज आला, म्हणजे त्या आल्या. आपण जातोय हे नातीला मी तोंडाने सांगणार आहे, आत्ताच, दारातच, तिला कसला वास यायच्या आधी. तिच्या आईला मात्र तसं सांगायचा धीर मला झाला नाही. मंगळवारच्या पाकिटात उरलेला सगळा साबुदाणा मी घरी आल्याआल्या भिजत घातला आहे. ती झाकण उघडेल तेव्हा तिला कळेल. तुलाही तेव्हा, कढईकडे बघताना, भीतीच वाटत असणार, नाही का?