विषकन्येच्या कुंड्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

झाल्या एकदाच्या कुंड्या भरून! नखांत अजून काळं आहे. प्रत्येक कुंडीत आपलं साधं गवत, आणि शेजारी ती उपरी तणवनस्पती – कुठून तरी येऊन आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेली. माझं म्हणणं सरळ आहे: तिची मुळं मातीत विष सोडतात, म्हणून गवत खुरटतं नि ती पसरते. अर्ध्या कुंड्यांत कोळशाची पूड मिसळली. कोळसा विष शोषून घेणार. तिथे गवत वाढलं की सिद्ध झालं!

आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, ‘म्हणजे विषकन्याच की गं!’ नाव पक्कं.

४ फेब्रुवारी, बुधवार

प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरच्या शंकाताईला (सगळे तिला हेच म्हणतात) नवी शंका. विषकन्येशिवाय, नुसत्या गवतालाही कोळसा घालून बघ म्हणे. जिथे विषच नाही तिथे कोळसा शोषणार काय, कपाळ? पण नाही केलं तर महिनाभर डोकं खाईल. भरल्या आणखी काही कुंड्या, कोळशाच्या नि बिनकोळशाच्या. ठेवल्या मागे नळाजवळ.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कोळशाचं गवत हिरवंगार! बिनकोळशाचं पिवळं, केविलवाणं. मी म्हटलंच होतं.

२ मार्च, सोमवार

आमचे मार्गदर्शक सर कुंड्यांपुढे बराच वेळ वाकून उभे होते. शुक्रवारच्या विभागाच्या सभेत तूच बोल म्हणाले. सगळ्यांसमोर! इतकी वर्षं याचीच वाट बघत होते. भाषण तोंडपाठ आहे.

शंकाताईने विचारलं, मागच्या कुंड्या बघितल्यास का? बघते म्हटलं. तिला ना, सूर्य उगवला तरी पुरावा लागतो.

४ मार्च, बुधवार

बादली भरायला नळाशी गेले, म्हणून दिसल्या. तिथे विषकन्या नाही, विष नाही – तरी कोळशाचं गवत तसंच तरारलेलं, आणि बिनकोळशाचं तसंच पिवळं. म्हणजे कोळसा विष शोषत नव्हता, गवताला पोसत होता? पट्टी लावून पुन्हा पुन्हा मोजलं.

शंकाताई मागे येऊन उभी राहिली. आता टोमणा मारणार वाटलं. तिने नुसतं पट्टीकडे बघितलं.

‘शुक्रवारच्या आधी दिसलं, बरं झालं,’ म्हणाली.

शुक्रवार नसताच तर जास्त बरं झालं असतं.

६ मार्च, शुक्रवार

बोलले. सुरुवातच नळाजवळच्या कुंड्यांपासून केली.

संध्याकाळी आईचा फोन. काय झालं तुझ्या विषकन्येचं?

पुराव्याअभावी सुटली म्हटलं.