पहिलं बाळंतपण माहेरी

११ तीर (फसली), सोमवार. नांदेड
माधवचा कॉलेजच्या शिक्षणाचा वजीफा अडला. खबर पक्की. तालिमाच्या, म्हणजे शिक्षणाच्या, दफ्तरातले पेशकार समदसाहेब यांनी रस्त्यात हाक मारून सांगितली. नाव मंजूर झालं होतं. आता त्यापुढे शेरा पडलाय, 'गैरमुल्की असल्याचा संशय'.

हैदराबाद रियासतीचा वजीफा रियासतीच्या पोरांना, हे ठीक. पण माधव माझ्या अक्काचा मुलगा. औश्याला त्यांची तीन पिढ्यांची जमीन. तो परमुलखातला कसा?

समदसाहेबांनी दफ्तरात नेऊन अर्जावर बोट ठेवलं. "लडके की पैदाइश? बार्शी. बाप की? वैराग. दोनों अंग्रेजां के."

मी म्हणालो, आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. अक्का पहिलटकरीण, म्हणून बार्शीला आईकडे आली. तिची सासूही पहिल्या खेपेला वैरागला माहेरी गेलेली. बाप-लेक दोघंही थोरले, दोघंही आजोळी जन्मले. जमीन तर मुल्की आहे ना?

"जमीन वजीफा मांगती क्या, मियां?" हसले. मग आवाज खाली आणून, "पहलौठी के और भी हैं. सब ने औसा लिखे, उदगीर लिखे. तुमिच सच लिखको बैठे."

अर्ज मीच भरला होता. गाव, नाव, तारीख चोख. बातमीदारीच्या धंद्याची सवय.

१२ तीर, मंगळवार
माधवला सांगितलं. माझ्याकडे राहून मॅट्रिक झाला, हैदराबादच्या कॉलेजात जागा मिळाली, ट्रंकसुद्धा भरून ठेवली आहे. "मग मामा, आता?" एवढंच. नंतर दिवसभर पुस्तक उघडून बसला, पान उलटलं नाही.

वजीफ्याशिवाय हैदराबाद दाजींना झेपणार नाही. मला तर नाहीच. लातूरच्या एका अडत्याकडे दाजींनी शब्द टाकून ठेवलाय. वजीफा नाही तर काट्यावर गुमास्ता. अडत्याला माणूस आठवड्याभरात हवाय.

दुपारी साप्ताहिकाच्या संपादकांचं कार्ड. वजीफ्यांसाठी सरकारने ज्यादा रक्कम काढली, त्यावरचं माझं टिपण त्यांना आवडलं. आता कुणाकुणाला लाभ झाला ते गुरुवारच्या टपालाने पाठवा म्हणतात. जुनं टिपण काढून वाचलं. 'पालकांनी बिनदिक्कत अर्ज करावेत.' बिनदिक्कत!

१३ तीर, बुधवार
पुन्हा समदसाहेबांकडे. त्यांनी वाट दाखवली. अर्जात चूक झाली म्हणायचं. बाप-लेकांतल्या एकाचा जन्म मुल्की निघाला तरी पुरे. औश्याला महसुलाचा गिरदावर चौकशीला येईल. मूल औश्यातच झालं असं आईने शपथ घेऊन हलफेवर सांगायचं, दोन पंचांनी मान डोलवायची. कागद चार दिवसांत परत, नाव पुन्हा यादीत. खरं खरं चालवायचं तर तीन पिढ्यांची वहिवाट शाबीत करा. त्याचा निकाल लागेस्तोवर कॉलेजचं वर्ष सरेल.

"माझी साक्ष चालेल? मी होतो त्या घरात."

"तुम तो पूरे गैरमुल्की!" त्यांनी चहा मागवला. माणूस वाईट नाही. मेहरबानीच करतोय.

दाजींना तार केली.

१४ तीर, गुरुवार
सकाळी बसून लिहिलं. सरहद्दीवरच्या तालुक्यांतली थोरली मुलं माहेरच्या रीतीमुळे कशी गैरमुल्की ठरतात. मजकूर साधला. कुठे आदळआपट नाही, कुणाचं नाव नाही.

टपालकचेरीच्या पायऱ्यांवर लक्षात आलं. हे छापलं की ज्यांनी गुपचूप औसा-उदगीर लिहिलं त्या सगळ्या पोरांचे अर्ज पुन्हा निघणार. उदगीरकडचा एक जण तर माधवच्या शेजारी बसायचा.

पाकीट परत आणलं. संपादकांना कार्ड, 'माहिती अपुरी.' माझ्याकडून गुरुवार पहिल्यांदाच चुकला. खरं लिहून एकाचं नुकसान केलंच आहे.

१६ तीर, शनिवार. लातूर
दोन गाड्या बदलून, उरलेली वाट मोटारीने. माधव ट्रंक घेऊनच निघाला. कशाला, ते मी विचारलं नाही.

दाजी अडत बाजारात भेटले. तार मिळाल्यापासून धावपळीत आहेत. चौकशी मागवली, पंच ठरवले. एक शेजारचे काका, दुसरी म्हातारी सुईण सोजरबाई. "ती म्हणती, पोर माझ्याच हातावर झालं. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावरची. त्यात एक ज्यादा."

मी म्हणालो, पण अर्जावर बार्शी मीच लिहिलंय.

"अहो दत्तोबा, एका शब्दाचा सवाल हाय. पेपरात तुमी कायबी लिवता की."

"विचारून लिहितो."

"मंग इचारा मला. मी सांगतो, औसा!"

हसू आलं. दाजींनाही आलं. मग ते काट्याकडे बघत राहिले. तिथे माधवच्याच वयाचा एक पोरगा पोत्यांवर चढून आकडे ओरडत होता.

अक्काला अजून काही सांगितलेलं नाही म्हणाले. "ती काय नाय म्हणंल व्हय?"

१७ तीर, रविवार. औसा
अक्का नाही म्हणाली.

जेवणं होईपर्यंत सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापत होती. मग म्हणाली, "पयलं बाळंतपण सासरी झालं म्हनू? म्हंजे माझी आई मला न्यायलाच आली न्हाई?"

दाजी म्हणाले, "तसं कोन म्हनतंय?"

"तसंच झालं की त्याचं."

त्या वर्षी बाबा अंथरुणावर होते. माझी परीक्षा. न्यायला पुरुषमाणूस कुणी नाही, म्हणून आई एकटीच निघाली. छोट्या गाडीने लातूर, पुढे बैलगाडी. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणून वेशीबाहेरच्या विहिरीवर पाणी प्याली आणि मग दारात आली. बायका हसल्या. अक्काची सासू म्हणाली, एवढ्या उन्हात कुठं नेता, राहू द्या, इथंच करू. आई एवढंच म्हणाली, "पहिलं माझं."

हे अक्का आज सांगत होती. मला यातलं अर्धंच माहीत होतं.

"मेलेल्या मानसाला काय कळतंय?" दाजी.

"मला कळतंय न्हवं."

माधव चुलीपाशी येऊन म्हणाला, "आई, राहू दे. मी बसतो काट्यावर."

"गप. तुला कुनी इचारलं? लई शाना." आणि लगेच त्याच्या ताटात भाकरी टाकली. मग माझ्याकडे वळून, "दत्तू, तू शिकवलंस त्याला. तू सांग की, काय बोलू?"

म्हणालो, जी तिथे होती तिनेच सांगावं.

"तूबी हुतास की तिथं. म्हनं तिनंच सांगावं!"

१८ तीर, सोमवार. औसा
गिरदावर उद्या सकाळी येणार. चावडीवरचा शिपाई सांगून गेला. पाटलांकडे जाऊन मी खात्री करून घेतली.

दाजींनी खुर्ची मागून आणली. सोजरबाई दोनदा येऊन गेली. "बाई गं, मी बोलते सगळं. तू दाराआडून नुसती मान हलव."

अक्का म्हणाली, "दाराआडची मान गिरदावराला दिसती व्हय?"

सोजरबाई खो खो हसली. दाजी नाही हसले.

दुपारी अक्काने पेटीतून एक दुपटं काढलं. आईच्या हातचं, बार्शीचं. धुवून अंगणातल्या दोरीवर टाकलं. दाजींनी विचारलं, आजच का? "मळलं हुतं." मळलेलं नव्हतं. त्यानंतर ते दोघं बोललेले नाहीत. माधव ओसरीवर ट्रंकेवर बसून आहे.

दिवेलागणीला मी विचारलं, अक्का, काय ठरलं? म्हणाली, "सकाळी सगळ्यांसंगं ऐक." दुपटं वाळलं होतं. घडी करून तिने ते दाराच्या आतल्या अंगाला, पाटावर ठेवलं. उद्या ती तिथेच बसणार आहे.

गिरदावर ओसरीवर खुर्चीत असेल. पंच आधी बोलतील, मग दाराकडे बघून तो विचारेल, पोर कुठं झालं? औश्याहून मोटार एकच, लातूरची. त्या मोटारीने माधव निघेल. तिथून अडत, नाहीतर हैदराबाद.